वजन मागाहून, पट्टी आधी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीचे संगणक मी सांभाळतो. गेल्या हंगामात तेथे एका मालाचे वजन त्याच मालाच्या पट्टीनंतर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदानंतर, झाल्याचे नोंदींत दिसले. कारण काट्यावरचा संगणक पट्टी करणाऱ्या गादीवरच्या संगणकापेक्षा चार मिनिटे पुढे गेला होता. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब ज्या नोंदीवर उभा असतो, तिची वेळ अशी खोटी ठरणे मला फार लागले.

संगणक बंद असताना वेळ राखणारे घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. चालू असताना मोजणी दुसऱ्या स्फटिकाकडे जाते, पण दोषाची जात तीच. दहा लाखांत वीस भागांची चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतात आणि पाच महिन्यांत चार मिनिटे सहज साठतात.

मालक म्हणाले, "रोज सकाळी मोबाइल बघून लावत जा की." परंतु पुढे गेलेले घड्याळ हाताने मागे घेतले, की होऊन गेलेली मिनिटे पुन्हा येतात आणि नोंदींचा क्रम आणखी बिघडतो.

म्हणून एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून संगणकांची घड्याळे जुळवण्याची पद्धत, हवी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत संगणक वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरला वेळ विचारतो आणि प्रश्न निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची व परत आल्याची अशा चार वेळांवरून फरक काढतो. वाटेत एकूण ८० मिलिसेकंद गेले, तर जाण्यायेण्याला ४०-४० धरले जातात. प्रत्यक्षात जाताना ५० आणि येताना ३० लागले असतील, तर १० मिलिसेकंदांची चूक राहते आणि त्या एका सर्व्हरच्या उत्तरांवरून ती कधीच उमगत नाही. त्यामुळे अनेक सर्व्हर ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर एनटीपीडी हा एनटीपी चालवणारा प्रोग्रॅम घड्याळाला उडी मारायला लावत नाही; सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद या बेताने त्याची चाल बदलतो, त्यामुळे वेळ मागे जात नाही.

भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर मी यादीत पहिला घातला. गादीवरचा संगणक बाहेरून वेळ घेतो आणि काट्यावरचा त्याच्याकडून, त्यामुळे इंटरनेट तुटले तरी दोघे एकमेकांना धरून राहतात. चार मिनिटांचा जुना फरक मात्र मी रविवारी, पेढी बंद असताना, एकदाच काढला.