तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवरचा पत्ता का खोडलाय

आंब्याच्या दर सीझनला दहा-बारा जण तरी विचारतात. "पेटीवर काळी पट्टी कसली मारलीय?" आणि ज्यांनी नखाने पट्टी खरवडून खालचा पत्ता मोबाइलवर टाकून बघितला ते जरा चाचरत विचारतात, "अहो, तुमच्या साइटवर जुगार कसा काय उघडतो?" मागच्या महिन्यात ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं, त्यांच्या सासूबाईंनी उघडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ती साइट माझी नाही. माझी होती, म्हणजे मला वाटत होतं माझी आहे.

2020 च्या लॉकडाउनमध्ये आमच्या देवगडातल्या बऱ्याच जणांसारखा मी पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट आंबा द्यायला लागलो. दलाल नाही, वाशीचा घाऊक बाजार नाही, पैसे रोख. पुढच्या वर्षी वाटलं वेबसाइट हवी. पुण्याच्या एका कंपनीने 45 हजार सांगितले. मेहुणीच्या ओळखीतला एक मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, म्हणाला काका मी 8 हजारांत करतो. मी 6 वर आणला. तेव्हा फोन ठेवताना मला आनंद झाला होता, हे आज लिहायला जड जातंय.

तुम्ही म्हणाल 6 हजारांत काय मिळणार. साइट बरी होती हो. फोटो गूगलवरून उचललेले होते, पहिल्याच पानावर लालचुटुक गालांचा कुठला तरी परदेशी आंबा, एका गिऱ्हाइकाने विचारलं की हा हापूस आहे का, तेव्हा मी बागेत जाऊन स्वतः फोटो काढून पाठवले. मोबाइलवर उघडायला वेळ लागायचा. पण ऑर्डरी यायच्या, दोन सीझन आल्या. त्या भरवशावर मी पुठ्ठ्याच्या 1000 पेट्या एकदम छापून घेतल्या, जास्त छापल्या की दर कमी पडतो, आणि प्रत्येक पेटीवर ठळक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता.

आता एप्रिल 2023. साइट 2021 च्या पाडव्याला सुरू करायची म्हणून त्या मुलाने आदल्या आठवड्यात डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं होतं, दोन वर्षांसाठी. म्हणजे मुदत संपणार कधी, तर ऐन एप्रिलमध्ये. हे मला माहीतच नव्हतं. डोमेन भाड्यासारखं असतं, दरवर्षी पैसे भरावे लागतात, हेही नीटसं माहीत नव्हतं. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला, शनिवारी. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा तो. आणि ऑर्डरी अचानक थांबल्या. पहिले दोन दिवस वाटलं बाजार थंड असेल. तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन, "तुमची साइट उघडली तर भलत्याच जाहिराती येतायत." मी आढीजवळ उभा होतो, पेंढ्यातला आंबा उलटत होतो, तसाच हात पुसून मोबाइलवर उघडली. पांढरं पान, आणि त्यावर ओळीने लिंका, "आंबा ऑनलाइन", "हापूस घरपोच", सगळ्या दुसऱ्यांच्या. म्हणजे माझ्या पेटीवरचा पत्ता वाचून येणारा माणूस दुसऱ्याच्या दुकानात जात होता. साइटच्या नावाचा ईमेलही त्याच दिवसापासून बंद, त्यावर कोणी किती ऑर्डरी पाठवल्या हे मला कधीच कळणार नाही.

त्या मुलाचा नंबर बंद. मेहुणीला फोन, तिने त्याच्या मावशीला, चार दिवस गेले. तो बेंगळुरूला नोकरीला लागला होता. फोन उचलल्यावर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो गप्प ऐकत होता, मग हळूच म्हणाला, "काका, रिन्यूअलचं मी तुम्हाला सांगितलं होतं. व्हॉट्सॅपवर बघा." मी म्हटलं खोटं बोलू नको. रात्री बसून जुने मेसेज वर वर सरकवत गेलो. ऑगस्ट 2021. "काका, दर वर्षी मेंटेनन्सचे 2500 धरले तर डोमेन, बॅकअप सगळं मी बघेन." खाली माझं उत्तर, "बघू नंतर." त्याच्या खाली माझाच गणपतीच्या शुभेच्छांचा फोटो.

बायको शेजारी बसून वाचत होती. ती काही बोलली नाही.

आता इथे माझं मन दोन्हीकडे जातं. चूक माझी, मान्य. पण डोमेन त्याने स्वतःच्या नावावर का घेतलं? स्वतःच्या ईमेलवर, तोही कॉलेजचा, जो पास झाल्यावर बंद झाला. मुदत संपतेय म्हणून सांगणारे सगळे मेल त्या बंद ईमेलवर. मला एकदाही पासवर्ड दिला नाही. मी मागितला पण नाही, कारण मागायचा असतो हेच ठाऊक नव्हतं, पण त्याला तर ठाऊक होतं ना? 2018 मध्ये हापूसला जीआय मिळालं, म्हणजे ते नाव आपल्या भागाच्याच आंब्याला लावायचं असा शिक्का, तेव्हापासून मी येईल त्याला सांगतोय की कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकू देऊ नका, नाव जपा. आणि माझं स्वतःचं नाव दुसऱ्याच्या खात्यावर.

परत मिळवायला धडपडलो. मुदत संपली तरी डोमेन लगेच जात नाही, आधी काही दिवसांची सवलत, मग महिनाभर जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं. पण ज्याच्या नावावर आहे त्यानेच ओळखपत्र पाठवायचं. त्याने पाठवलं, फोटो अस्पष्ट म्हणून परत आला, तो नोकरीत, मी सीझनमध्ये, मग पाऊस लागला, आणि जुलैत बघितलं तर कोणीतरी उचललं होतं. तिथे आता पत्त्यांचा जुगार चालतो. आपण काही करू शकत नाही, पैसे भरून घेतलंय त्यांनी. त्या वर्षी डझनाच्या भावाने जाणारा बराच माल कॅनिंगला किलोच्या भावात घालावा लागला. आणि उरलेल्या पेट्यांवर आम्ही घरातले सगळे पडवीत बसून मार्करने पट्ट्या मारत होतो, आई पण.

आता नवीन साइट आहे, 38 हजार गेले. डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरलेत, होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या भाड्याच्या जागेचा, पासवर्ड वहीत आहे. तुम्ही करून घेणार असाल तर आधी एवढं बघा, डिझाइन मागाहून.

पण "मग स्वस्तातला नकोच का?" असं विचारलंत की मला धड उत्तर देता येत नाही. कारण नंतर मी हिशोब मांडला. त्या 6 हजारांतून दोन वर्षांचं डोमेन आणि होस्टिंग त्यानेच भरलं होतं. त्याच्या हातात जेमतेम दीड-दोन हजार राहिले असतील, वीस-बावीस दिवसांच्या कामाचे. माझी पेटी कोणी "वाशीत निम्म्या भावात मिळते" म्हणून पाडून मागितली की मी फोन ठेवून देतो. त्याने नाही ठेवला.

गेल्या सीझनला त्याने एक पेटी मागवली, आईसाठी. भाव विचारला आणि लगेच सगळे पैसे पाठवले. पैसे परत पाठवावेत की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चाललं. बायको म्हणे पाठवा. मी ठेवले. पेटी नव्या छापाची गेली पाहिजे होती, पण आमच्या पोराने गडबडीत पट्टीवालीच भरली.