डी ड्राइव्हवरचे बायोडेटा

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत माग आहेत आणि पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. सकाळी मागांचा खडखडाट सुरू झाला की मीही मशीन लावते. गेली चौदा वर्षं मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं आणि मुलामुलींचे बायोडेटा करून देते. आमच्याकडच्या पत्रिकेला बऱ्याचदा दोन बाजू असतात. मुलगा चंदगडचा, मुलगी बैलहोंगलची, म्हणजे पुढं मराठी आणि पाठीमागं कन्नड. मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी, या फाँटच्या सॉफ्टवेअरवर माझं काम चालतं.

पत्रिका गावभर वाटली जाते, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. बायोडेटाचं तसं नाही. जन्मवेळ, रास, नाडी, उंची, पगार, मामाचं गाव, वडिलांचा मोबाईल नंबर आणि मुलीचे दोन फोटो, एक साडीतला आणि एक साधा. आई-वडील हे सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि म्हणतात, ‘आक्का, कुणाला दाखवू नका हं.’ ते सगळं माझ्या डी ड्राइव्हवर, गावांच्या नावाच्या फोल्डरांत ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरची राखण कुणाकडं द्यायची, हा प्रश्न मला पडला तो या फोल्डरांमुळं.

गेल्या वेळी तुळशीची लग्नं झाली आणि ऐन हंगामात मशीन वेड्यासारखं वागायला लागलं. ब्राउझर उघडला की भलतंच पान यायचं. काही शोधायला जावं तर तिसऱ्याच साइटवर नेऊन सोडायचं. खाली उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी यायची, तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस आहेत, लगेच पैसे भरा, अशा मजकुराची. काही उघडलेलं नसताना पंखा गरगर फिरायचा. मी आठवडाभर दुर्लक्ष केलं, कारण पत्रिका तारखेला द्यायच्या होत्या. मग एका सकाळी मेलमध्ये सूचना दिसली, तुमच्या खात्यात नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं आहे. वेळ होती रात्री दोन वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी घरात सगळे झोपलेले होते आणि मशीन बंद होतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘फॉरमॅट मारू आक्का, पाचशे रुपये, आणि एक अँटिव्हायरस टाकून देतो.’ तसं केलं असतं तर बहुतेक सुटलेही असते. पण घरात चोरी झाल्यावर नुसतं नवं कुलूप लावून भागत नाही, तो आला कुठून ते आधी बघावं लागतं. मला ते बघायचं होतं.

माझा भाचा इथंच उद्यमबागेतल्या कॉलेजात शिकतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘मावशी, मी आत्ता बसमधून जाऊलोय, पण तू एक बघून ठेव. विंडोज सिक्युरिटी उघड, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये अगदी खाली एक्सक्लूजन म्हणून आहे. तिथं काय लिहिलंय सांग.’ मी उघडलं. तिथं अख्खा डी ड्राइव्ह लिहिलेला होता.

एक्सक्लूजन म्हणजे राखणदाराला दिलेली ताकीद, इकडं बघायचं नाही. विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर, तीन वर्षं चालू होता, खाली हिरवी खूणही दिसत होती, आणि ज्या ड्राइव्हवर लोकांच्या मुलींचे फोटो होते तिकडं तो बघतच नव्हता. हे कुणी केलं तेही आठवलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून देणाऱ्याने त्याची फुकटची कॉपी चालवण्यासाठी एक अॅक्टिव्हेटर डी ड्राइव्हवरूनच चालवला होता. डिफेंडर तो दर वेळी पकडायचा. तेव्हा तो म्हणाला होता, ‘हे उगीच मध्ये येऊलंय, बाजूला करून ठेवतो.’ मी समोर बसले होते. कॉपी फुकटची आहे हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. ही चूक माझी आहे, आणि ती इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडं डीटीपी करणाऱ्या किती जणांच्या मशीनवर अशीच कॉपी आहे हे मला माहीत आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे हे अॅक्टिव्हेटर आणि खोटी लायसन्स की बनवणारे कीजेन म्हणजे स्पायवेअर, गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम, घरात शिरायची सगळ्यात रुळलेली वाट. त्यांची पहिली मागणीच ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते.

दुसरी वाट मी स्वतः उघडली होती. गोकाकच्या एका पाहुण्यांनी कन्नड मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला. तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत होता आणि माझ्या जुन्या नुडी फाँटमध्ये घातला की नुसती गिचमीड दिसायची. रात्री घाईत कन्व्हर्टर शोधला. पानावर डाउनलोडचं मोठं हिरवं बटण होतं, ते दाबलं. ते बटण म्हणजे जाहिरात होती. खरी लिंक खाली बारीक अक्षरात होती. मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. त्याच्याबरोबर एक टूलबार आला, एक पीडीएफचं काहीतरी आलं आणि ब्राउझरला नोटिफिकेशनची परवानगीही मीच दिली. त्या लाल पट्ट्या व्हायरस सापडल्याच्या नव्हत्याच, त्या परवानगीतून येणाऱ्या जाहिराती होत्या. कोपऱ्यातल्या पट्टीत फोन नंबर असेल किंवा पैसे मागितले असतील तर तिला हात लावू नका. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशन बंद करा, ती गप्प बसते.

आता मेलच्या लॉगिनबद्दल. ब्राउझरमध्ये आपण पासवर्ड साठवून ठेवतो. हल्लीचं चोरणारं स्पायवेअर ते पासवर्ड तर उचलतंच, शिवाय कुकीही उचलतं. तुम्ही एकदा लॉगिन केलं की पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही तो कुकीमुळं. ती दुसऱ्याच्या हातात गेली की त्यालाही पासवर्ड लागत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करावं लागतं. आणि हे सगळं त्याच आजारी मशीनवरून करू नये. मी फोनवरून केलं, मेल, बँक, वीजबिलाचं खातं, सगळं, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायचा, उशीर करायचा नाही.

मग निवडीचा प्रश्न आला, आणि त्यात माझे आठ-दहा दिवस गेले.

क्विक हील या अँटिव्हायरसकडं मन ओढत होतं. ते आपल्या माणसांचं आहे. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नेट सेंटर चालवणाऱ्या माझ्या निपाणीच्या मावसभावाला मी तेच घ्यायला सांगितलं. त्याच्याकडं दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात आणि काही बिघडलं तर विचारायला समोर माणूस हवा असतो. माझ्याकडं पेनड्राइव्ह क्वचित येतो, आणि मशीन २०१७ चं, चार जीबी रॅमचं. त्यावर पत्रिकेची मोठी फाइल उघडली की आधीच दम लागतो.

फुकटातले पर्याय बघताना मात्र एक बातमी वाचली आणि मी थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोक काय बघतात, कुठल्या साइटवर जातात याची माहिती त्यांच्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली होती. पण पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरकडूनच हे झालं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. अँटिव्हायरसला प्रत्येक फाइल उघडून बघायची मुभा असते. त्याला घरात घ्यायचं म्हणजे प्रत्येक कपाटाची किल्ली द्यायची. मग जेवढे कमी राखणदार तेवढं बरं, आणि विंडोजची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्टकडं आधीच आहे त्यांचाच राखणदार चालत असेल तर आणखी एका परक्याला ती कशाला द्यायची?

आणि तो चालतो. डिफेंडर फक्त व्हायरससाठी, स्पायवेअरला वेगळं घ्यावं लागतं, असं मला खडे बाजारातल्या एका दुकानात सांगितलं गेलं. खरं तर उलटं आहे. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी घेतली, तिचं सॉफ्टवेअर स्पायवेअर पकडण्यासाठीच होतं, आणि त्यातूनच डिफेंडर झाला. पूर्ण अँटिव्हायरस तो विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ ला झाला. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था सगळ्या अँटिव्हायरसची तपासणी करून निकाल फुकट वाचायला ठेवतात. एव्ही-टेस्टमध्ये गेली काही वर्षं डिफेंडरला विकतच्यांच्या बरोबरीचे गुण मिळत आले आहेत. दुकानात जायच्या आधी ते निकाल बघावेत, आणि त्यात मशीन किती मंदावतं हा रकानाही बघावा.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघंही एकाच फाइलवर झडप घालतात आणि मशीन अडकतं. दुसरा घातला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, म्हणून दुसऱ्याची मुदत संपलेली असेल तर तो पूर्ण काढूनच टाकावा.

मी जे केलं ते असं. एक्सक्लूजनची यादी रिकामी केली. टॅम्पर प्रोटेक्शन चालू केलं, म्हणजे बाहेरचा प्रोग्राम डिफेंडरला परस्पर बंद करू शकत नाही. नको असलेली अॅप अडवण्याचं एक बटण रेप्युटेशनच्या विभागात असतं, माझ्याकडं ते बंद होतं. टूलबार आणि तसला कचरा त्यानेच अडतो. मग ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं विंडोज चालू असताना दडून बसणारेही सापडतात. पाव तास लागतो म्हणतात. आमच्याकडं मध्येच लाइट गेली, यूपीएस टिकला नाही, म्हणून दोनदा करावा लागला. अॅक्टिव्हेटर सापडला, त्याच्या शेजारी पासवर्ड चोरणारं एक सापडलं. त्यावर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकटची आवृत्ती चालवली. ती मागितल्यावरच तपासते, सतत पहारा देत नाही, म्हणून डिफेंडरशी भांडत नाही. बसवताना पैशाच्या आवृत्तीची चाचणी मुदत सुरू होऊ शकते, ती बंद करायची. टूलबारचे उरलेसुरले अवशेष अॅडव्हक्लीनर या फुकटच्या साधनाने काढले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, २०१७ पासून, आणि तिथली साफसफाईची साधनं फुकट मिळतात. ज्यांना विदेशी नावांची भीती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

डिफेंडर संशयित फाइल तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टकडं पाठवतो. खाजगी माहिती असण्याची शक्यता असलेली फाइल असेल तर आधी विचारतो. मी ते सेटिंग स्वतः वाचून पाहिलं. लोकांच्या बायोडेटाची बाब आहे.

विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. डिफेंडरला नव्या स्पायवेअरची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, पण मुदतवाढ घेतली नसेल तर विंडोजमधली भगदाडं बुजवायचं काम थांबलं. भिंत पडलेल्या घरात राखणदार किती पुरणार? माझ्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. मुदतवाढ घेतली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर नवीन मशीनचे पैसे बाजूला काढायचे आहेत. फुकटची डिझाइनची कॉपी काढून टाकली. इंकस्केप या खरोखरच फुकट असलेल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसायला महिना लागला, आणि पहिल्या तीन पत्रिकांना मी दुप्पट वेळ घेतला.

सगळ्यात जड काम शेवटी केलं. डी ड्राइव्हवर ४३ मुलामुलींचे बायोडेटा होते. त्यातलं काही बाहेर गेलं की नाही हे मला सांगता येत नव्हतं, पण झालेलं सांगितलं नाही तर मला झोप लागली नसती. एकेका घरी फोन केला. मुलीच्या नावाने कुणी अनोळखी फोन केला, फोटो पाठवला, तर मला कळवा म्हटलं. दोन घरं रागावली, आणि त्यांचा राग बरोबर होता. खानापूरकडच्या एका वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आक्का, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आता तेवढं पुसून टाका.’

त्यांच्यासमोरच, फोन चालू ठेवून, तो फोल्डर उडवला आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. आता बायोडेटा छापून दिला की आठ दिवसांनी फाइल काढून टाकते, आणि तसं घेतानाच सांगते. २०१९ च्या आधीचे काही फोल्डर अजून उघडायचे राहिलेत. चंदगडची पत्रिका शुक्रवारी जाईल, मग त्यांना बसते.