आमची वाटचाल: उद्यमनगरच्या पॅटर्न शॉपपासून शिरोलीच्या शेडपर्यंत

"आता रोबोट येणार, मग सुतारांचं काय?" असं हल्ली गिऱ्हाइकं चहा पिता पिता विचारतात. आमच्या घरात हा प्रश्न एकदा येऊन गेलाय. त्याचं उत्तर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय आणि ते लोक समजतात तेवढं सरळ नाही.

वडिलांनी ऐंशीच्या दशकात कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं, ते फर्निचरचं नव्हे, पॅटर्नचं. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बीड (ओतीव लोखंड) ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि तो उठवायला त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. तोच पॅटर्न. पंपाची केसिंग असो की इंजिनाचा भाग, पहिल्यांदा ती वस्तू सागवानात तयार व्हायची. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. त्यासाठी मेस्त्रींकडं वेगळी पट्टी असायची, जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना टेपर, म्हणजे किंचित उतार, द्यायचा, लेथवर कापायला वर माल ठेवायचा, आत पोकळी हवी असेल तर तिथं बसणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा (कोअरचा) साचा, म्हणजे कोअर बॉक्स, निराळा. कागदावरचं ड्रॉइंग सपाट असतं. हे बाकीचं सगळं मेस्त्रीच्या डोक्यात. सातवी-आठवीपर्यंत शिकलेली माणसं होती ती, आणि फौंड्रीचे इंजिनिअर त्यांच्यासमोर ड्रॉइंग पसरून विचारायचे, "मेस्त्री, निघंल काय हे वाळूतनं?"

मग कॉम्प्युटर आला. स्क्रीनवर मॉडेल करा, आकसण्याचा गुणक टाका, व्हीएमसी हे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन ॲल्युमिनियममधून पॅटर्न कापून देतं. हे खरं आहे, पण अर्धंच. मोटारींच्या सुट्या भागांच्या मोठ्या ऑर्डरी आल्या, फौंड्र्यांनी जास्त दाबाच्या मोल्डिंग लाइन बसवल्या, आणि तिथं हजारो साच्यांचा मार लाकडाला सोसत नाही. म्हणजे आधी मागणी बदलली आणि मग मशीनला काम मिळालं. कॉम्प्युटर नसता तरी मोठ्या ऑर्डरींचं लाकूड गेलंच असतं.

आमच्या शेडमधल्या मेस्त्रींपैकी काही जण व्हीएमसीच्या शेजारी जाऊन बसले. टेपर कुठं कमी पडतोय, कोअर कुठं अडकणार, हे प्रोग्रॅम करणाऱ्या पोरांना तेच सांगायचे. काही फर्निचरकडं वळले. जे मध्यम दर्जाचे होते, दिलेली फळी सांगितल्याप्रमाणं कापणारे, ते घरी गेले. वडिलांनी त्यांच्यातल्या कुणाला काढलं नाही. काम येणं थांबलं, तसं त्यांचं येणं थांबलं.

आम्ही दारं, चौकटी आणि पुढं मॉड्युलर किचनकडं आलो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी धंद्यात आले, शिरोली एमआयडीसीत शेड घेतलं आणि बँकेच्या हप्त्यावर पॅनेल सॉ (शीट सरळ कापणारं मशीन), एज बँडर (कडेला पट्टी चिकटवणारं) आणि शेवटी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणं कापणारा, भोकं पाडणारा) आणला. (आजही नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बघून आधी विचारतं, "मालक कुठं आहेत?")

या मशीननी काय काय घेतलं ते नीट सांगण्यासारखं आहे. आठ बाय चारच्या शीटमधून कमीत कमी तुकडे वाया जातील असं कटिंग बसवणं हे पूर्वी मेस्त्रीचं डोकं होतं. आता सॉफ्टवेअर बसवतं, आणि मेस्त्रीपेक्षा चांगलं बसवतं. बिजागरीचं 35 मिलिमीटरचं भोक, 32-32 मिलिमीटरवरची शेल्फची भोकं, कडेची पट्टी, सगळं एकसारखं येतं. एका किचनचे खोके कापायला जो दिवस जायचा, ते काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकतं. नवीन कामंही आली. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यावर गणपतीच्या आधी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटची) मखरं कापण्यात आमचा राउटर रात्रपाळी करतो. पूर्वी हे काम आमच्याकडं नव्हतंच.

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी, फ्रे आणि ऑस्बर्न यांनी, 2013 मध्ये अमेरिकेतल्या 702 व्यवसायांचा अंदाज मांडला होता. त्यात इलेक्ट्रिशियनचं काम यंत्राकडं जाण्याची शक्यता 15 टक्के, सुताराचं 72 टक्के, आणि कारखान्यात टेबलावर कपाटं करणाऱ्या कारागिराचं 92 टक्के धरलंय. ही यादी पाहून लोक घाबरतात. मला मात्र त्यातला सुतार आणि कपाटवाला यांच्यामधला फरक जास्त पटला, कारण आमच्या शेडमध्ये तोच दिसतो. शेडमधलं काम मशीननं घेतलं, साइटवरचं घेतलं नाही. तीन वर्षांनी ओईसीडीनं, म्हणजे विकसित देशांच्या संघटनेनं, व्यवसायाऐवजी त्यातली एकेक कामं सुटी करून मोजली, तेव्हा धोक्यातल्या नोकऱ्यांचा आकडा सरासरी 9 टक्क्यांवर आला. एकाच माणसाच्या दिवसात मशीनला जमणारी आणि न जमणारी अशी दोन्ही कामं असतात, हे कुठल्याही मेस्त्रीनं फुकट सांगितलं असतं.

साइटवर काय होतं? राउटरनं बरोबर काटकोनात कापलेलं कपाट घेऊन आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात जातो. तिथं भिंत ओळंब्यात नसते, कोपरा गुण्यात (काटकोनात) नसतो, फरशीला मोरीकडं उतार असतो. मेस्त्री आधी ओळंबा सोडतो, मग गप्प उभा राहतो. कुठली बाजू खरी धरायची आणि कुठं फट भरणारी फिलर पट्टी रंध्यानं उतरती करून चूक लपवायची, हे तो तेव्हा ठरवतो. पावसाळ्यात बसवलेलं सागवानी दार उन्हाळ्यात किती आकसणार आणि उन्हाळ्यात बसवलेलं आषाढात किती फुगणार, हे धरून तो फट ठेवतो. 2019 च्या महापुरानंतर शाहूपुरी, नागाळा पार्क भागात आम्ही महिनोन्‌महिने हेच केलं. पार्टिकल बोर्डाची कपाटं भिजलेल्या बिस्किटासारखी हातात येत होती. जुनी सागवानी दारं वाकली होती, पण सावलीत वाळवून, रंधा मारून परत चौकटीत बसली. त्यातलं एकही दार दुसऱ्यासारखं वाकलेलं नव्हतं, त्यामुळं मशीनला त्याचा प्रोग्रॅम तरी काय देणार?

बांधकामातही असंच दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या एफबीआर कंपनीचा हॅड्रियन एक्स ट्रकवर बसवलेल्या लांब हातानं ब्लॉक रचतो, सिमेंटऐवजी चिकटद्रव्य लावून. मोकळ्या प्लॉटवर छानच आहे. आमच्या पेठांतल्या बोळात तो ट्रक वळवून दाखवावा, मी स्वतः चहा पाजीन. बेंगळुरूत 2023 मध्ये 1,021 चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस थ्रीडी प्रिंटिंगनं उभं राहिलं, दीड महिन्याच्या आत. ते मी हसण्यावारी नेत नाही. पण प्रिंटर भिंती रचतो. दारं-खिडक्या, वायरिंग, नळ यांना माणसंच लागतात. गवंड्याला धोका खरा आहे, विशेषतः मोठ्या शहरांत एकाच मापाचे शेकडो फ्लॅट होतात तिथं. काँक्रीट ओतायच्या ॲल्युमिनियमच्या तयार साच्यांनी (फॉर्मवर्कनं) तिथल्या सेंट्रिंगवाल्यांचं फळ्या-प्लायचं काम बरंच कमी केलंय.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच जागी. पूर्वी पोरगं कामाला आलं की पहिली दोन-तीन वर्षं पटाशीला धार लावणं, रंधा मारणं, सरळ कापणं, भोकं पाडणं, पॉलिश पेपर घासणं एवढंच करायचं. कंटाळवाणं काम, आणि चुकलं तरी नुकसान थोडं. त्यातूनच लाकडाचा रेषा कुठं जातो ते हाताला कळायचं. मशीननं नेमकं हेच काम उचललं. आता पोरगं येतं, शीट चढवतं, स्टिकर लावतं, बटण दाबतं. तीन वर्षांनी ते चांगला ऑपरेटर असतं, पण साइटवर कोपरा चुकीचा निघाला की शेडला फोन लावतं. आमच्या जुन्या मेस्त्रींना कामाची कमतरता नाही, उलट त्यांची तारीख मिळत नाही. त्यांच्यामागं कोण, हे विचारलं की सगळे गप्प. राजस्थान, उत्तर प्रदेशातून येणाऱ्या कारागिरांतही काका-मामांच्या हाताखाली शिकायची रीत आहे; शिकायचं कामच मशीनकडं गेलं तर तीही तुटेल.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये आहेत, प्रशिक्षणाच्या दर दिवसाला 500 रुपये भत्ता आहे. आमच्या ओळखीच्यांना अवजारं मिळाली, चांगली आहेत. पण आठवड्याभराच्या वर्गात हात बसत नाही.

म्हणून आम्ही शेडमध्ये एक उफराटी पद्धत ठेवलीय. नवीन पोराला पहिले काही महिने राउटरच्या खोलीत प्रवेश नाही. साधी स्टुलं, पाट, चौरंग, एखादी चौकट, सगळं हातानं. राउटरवर पाट काही मिनिटांत होतो हे त्याला दिसत असतं आणि तो चिडतोही. एकानं सरळच विचारलं, "ताई, मशीन असताना मी कशापायी घाम गाळू?" मी त्याला एका साइटवर मेस्त्रींबरोबर पाठवलं. तो परत आला आणि परत विचारलं नाही. अर्थात पटलं की कंटाळला, ते मला माहीत नाही. वाया गेलेलं लाकूड आणि त्या महिन्यांचा पगार आम्ही सोसतो. अकाउंटंट दर मार्चमध्ये विचारतात, हे कुठल्या हेडखाली टाकू. मी सांगते, मशीनच्या देखभालीखाली टाका.

कोटेशनमध्येही आम्ही बदल केलाय. पूर्वी चौरस फुटाचा एकच दर असायचा. आता शेडमधलं उत्पादन आणि जागेवरचं फिटिंग वेगळं लिहितो. उत्पादनाचा दर मशीनमुळं खाली आला तसा आम्ही उतरवला, फिटिंगचा वाढवला. काही आर्किटेक्ट यावर भांडतात आणि काही कामं या आकड्यापायी दुसरीकडं गेलीही. जी राहतात, त्यातून पोरांचा पगार निघतो. जूनमध्ये आयटीआयचे निकाल लागले की दोघांना घ्यायचं ठरलंय. सुतारकामाचा ट्रेड केलेला असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. वर्कशॉप शिरोलीत आहे आणि सकाळी साडेआठला शेड उघडतं.