सासऱ्यांच्या दाराला भोक

यंदा एप्रिलमध्ये लोकवन गव्हाची सहा पोती आली. एरंडेल लावून कोठीत भरायची म्हणून दोन दिवस कोठारात उभी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि वास आला. ज्यांच्या घरात कधी बोका शिरलाय त्यांना हा वास समजावून सांगावा लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. दोन पोती गायींना गेली.

गुन्हेगार ठाऊक होता. पिवळट, एक कान फाटका, मान ही अशी जाड. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत त्याला सगळे ठाणेदार म्हणतात. ह्यांचं म्हणणं असं, की २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, कोपऱ्याकोपऱ्यावरचे उकिरडे गेले, ओला-सुका कचरा गाडी दारातून नेते, मग बोक्यांनी जायचं कुठे? मला हे काही पटत नाही. आमच्या ठमी मांजरीसाठी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची खालची जाळी आम्हीच कापून ठेवली होती, आणि त्याच वाटेने तो आत येत होता. भोक बुजवलं तर ठमी रात्री दोनला दाराशी गळा काढते, आणि उठायला मीच.

म्हणून झडप. 'कॅट फ्लॅप' म्हणून शोधलं की ढिगाने दिसतात, पण साधी झडप म्हणजे नुसता पडदा. ठमी ढकलेल तशी ठाणेदारही ढकलेल. आपल्याला हवी ती माणसं, म्हणजे मांजरं, ओळखणारी.

आधी स्वस्तात सुटावं म्हणून चुंबकाची मागवली. मांजराच्या पट्ट्यात छोटं चुंबक, ते झडपेजवळ आलं की खटका सुटतो. मी ३१ वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. चुंबक लोखंडाला चिकटतं हे सहावीतल्या पोरांना सांगत आले, आणि ही झडप मी लोखंडी चौकटीच्या दारात प्लायवर बसवून घेतली! पहिल्याच दिवशी ठमीची मान चौकटीला टक्क करून चिकटली. घाबरून जी पळाली ती पाण्याच्या टाकीवर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधकामावरून दोन खिळे आणि एक वॉशर गळ्यात मिरवत आली. आठवड्याने पट्टाच गेला. अजूनही पेरूच्या झाडावर कुठेतरी असेल.

पट्टा हरवला याचा राग नाही. मांजराचा पट्टा ओढ बसली की सुटायलाच हवा, नाहीतर ते फांदीला लटकून मरेल. पण मग कुलपाची किल्ली अशा ठिकाणी बांधायची, जे मुद्दाम सुटण्यासाठीच केलंय? इन्फ्रारेड बिल्ल्याच्या झडपा मिळतात, त्यात प्रत्येक बिल्ल्याचा कोड वेगळा असतो, चुंबकासारखं सब घोडे बारा टक्के नाही. पण बिल्ला पुन्हा गळ्यातच, वर त्याला बॅटरी. मी तो विषय तिथेच संपवला.

मुलगा इंग्लंडात असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, चिप बसव ना. इथे १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक मांजराला कंपल्सरी आहे, आणि तीच चिप वाचून उघडणाऱ्या झडपा सर्रास मिळतात."

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. डॉक्टर ती जाड सुईने दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. आत पंधरा आकडी नंबर असतो आणि बॅटरी नसते. झडपेतल्या तारेच्या वेटोळ्यातून १३४.२ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यावरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. ह्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे ती कुठे आहे ते मोबाईलवर दिसणार?" नाही दिसणार. चिप चार बोटांपलीकडे बोलतच नाही. मांजराने झडपेच्या बोगद्यात डोकं घातलं की मान वेटोळ्याखाली येते, तेवढंच तिचं जग. डॉक्टरांनी वाचून दाखवलेला नंबर मी वहीत उतरवून घेतला. ९ ने सुरू होतो, म्हणजे तो देशाचा नाही, चिप बनवणाऱ्याचा कोड. भारताचा असता तर ३५६ असता.

मुलाने दिवाळीत येताना झडप आणली. पुन्हा जाळीच्या दारात बसवायची तयारी चालली होती, तेव्हा मात्र मी पत्रक आधी वाचलं. धातूच्या दारात ही झडप नीट चालत नाही. वेटोळ्याभोवती लोखंड आलं की क्षेत्र तिथेच खाल्लं जातं, चिपपर्यंत पोचतच नाही. भोवताली बरीच जागा लाकूड-प्लास्टिकची ठेवून बसवता येते, पण आमच्या दाराच्या खालच्या कप्प्यात तेवढी जागाच नव्हती. खिडकी पाहिली तर ॲल्युमिनियमची. पुढचं दार लोखंडी, त्यापुढे लोखंडी फाटक. आपल्याकडे चोराच्या भीतीने सगळं घर लोखंडात बांधलेलं असतं. कोणी अशी झडप घेणार असेल तर आधी घरातलं लाकडी दार शोधा, मॉडेल नंतर बघा.

लाकडी एकच होतं. कोठाराचं, मागच्या अंगणात उघडणारं. सासऱ्यांनी हरदा जिल्ह्यातून सागवान आणून करून घेतलेलं.

"त्या दाराला हात लावायचा नाही," हे म्हणाले.

कारण सागवान नव्हतं. त्या दाराच्या आतल्या बाजूला सासरे दरवर्षी गव्हाचा हिशेब पेन्सिलीने लिहीत. '१९९१ लोकवन ५ पोती, १ परत.' खाली पुढचं वर्ष. डोळ्यांच्या उंचीवर सुरुवात केली आणि खाली खाली येत गेले. शेवटच्या तीन ओळी स्टुलावर बसून लिहिलेल्या आहेत, अक्षर कापरं आहे. त्यांच्यानंतर आम्ही कोणी लिहिलं नाही.

दोन दिवस घरात अबोला होता. मग एका दुपारी हेच टेप घेऊन कोठारात बसलेले दिसले. झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीवर यावी लागते. ठमीला उभी धरून मापली तर जमिनीपासून वीतभर वर आली. तिथून वर झडपेचा कागदी साचा लावला. वरची कड शेवटच्या ओळीच्या तीन बोटं खाली आली.

मिस्त्री दार ठोकून बघत म्हणाला, "भाभीजी, इत्ता बढ़िया सागौन काट दूँ? बिल्ली के लिए?" ह्यांनीच उत्तर दिलं, "हाँ भिया, काट दो. लिखावट पे करवत गई तो पैसे नहीं मिलेंगे."

नोंदणीला काही लागलं नाही. चार पेन्सिल सेल घातले, बटण दाबलं, ठमीला एकदा आरपार नेलं, झडपेने नंबर लक्षात ठेवला. वेळ लागला तो ठमीला पटवायला. खटका 'टिक' वाजला की ती मागे सरायची. पाच दिवस झडप चिकटपट्टीने वर उघडी ठेवली, पलीकडे दुधावरची साय. सहाव्या दिवशी साय जिंकली.

ठाणेदार पहिल्या रात्री आला, डोकं आपटून गेला. दुसऱ्या रात्री त्याने नखांनी झडप बाहेरच्या बाजूला ओढली आणि खालून शिरला! ह्या झडपा चिप बघतात ती आत येताना, बाहेर जाणाऱ्याला अडवत नाहीत, म्हणून बाहेरच्या बाजूला झुलायला मोकळ्या असतात. त्याने तेवढं हेरलं. आमच्यात त्यावरही एक सेटिंग निघालं, ते चालू केल्यावर दोन्हीकडचे खटके बसतात. एक गोष्ट मात्र कोणतंच सेटिंग थांबवू शकत नाही: ठमीच्या शेपटीला शेपूट लावून तो मागोमाग घुसला तर. झडप बंद व्हायला दोन-चार सेकंद लागतात.

कापून निघालेल्या सागवानी चौकोनाला ह्यांनी पॉलिश करून ठमीच्या ताटलीखाली पाट केलाय. आणि दारावर, शेवटच्या ओळीखालच्या तीन बोटांच्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलंय: 'लोकवन ६ पोती, २ ठाणेदार.'