आजची प्रार्थना जरा लांबली

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

सकाळपासून नुसती रिपरिप चालू आहे. मॉर्निंग ड्युटी संपवून चिऊला शाळेतून घेतलं आणि तशीच मंडईत गेले, तिथं पाऊस ओसरायची वाट बघत छपराखाली उभ्या होतो तर आमच्या जुन्या वाड्यातल्या एक काकू भेटल्या, बऱ्याच वर्षांनी. त्यांनी चिऊच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "फार पुण्याचं काम केलंस गं, पोरीनं नशीब काढलं." काकू मनानं खरंच चांगल्या आहेत, मी आजारी असताना त्यांनी मला पेज करून घातलीये, त्यामुळे राग नाही. पण चिऊ माझा हात धरून उभी होती, दुसरीत आहे ती, तिला सगळं कळतं.

घरी येताना पंचहौद चर्चच्या अलीकडे आलो तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, पुण्य म्हणजे काय?" मी म्हटलं, चांगलं काम केलं की ते देवाकडे आपल्या नावावर जमा होतं असं लोक म्हणतात. ती थोडं चालली आणि म्हणाली, "मग मी तुझं काम आहे?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिथंच कडेला तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, नाही बाळा, तू माझी मुलगी आहेस. एवढंच सुचलं. तिला ते पुरलं बहुतेक, कारण लगेच तिनं डबक्यात पाय आपटला. मला मात्र अजून पुरलेलं नाही म्हणून हे लिहितेय.

पुण्य हा शब्द आमच्या बाबतीत लागूच होत नाही. आम्ही २०१६ ला कारा म्हणजे सरकारी दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं तेव्हा कुणा अनाथाचं भलं करायला निघालो नव्हतो, आम्हाला मूल हवं होतं, रिकाम्या घराचा कंटाळा आला होता, मी वॉर्डात दुसऱ्यांची बाळं बघून बाथरूममध्ये जाऊन रडायचे. होम स्टडी म्हणजे सोशल वर्करची घरची पाहणी झाली, दोन वर्षं वाट बघितली आणि एका नाईटला मोबाईलवर तिचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट आला. हो म्हणायला ४८ तास असतात. मी सलाईन बदलून आले, फोटो पुन्हा बघितला आणि ह्यांना फोन लावला, पहाटेचे तीन वाजले होते, फोनवर दोघंही काहीच बोललो नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. आता सांगा, ह्यात मी कुणावर काय उपकार केले? मिळालं ते मला मिळालं. आमच्याकडे ह्याला कृपा म्हणतात.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपणाचा आत्मा असा शब्द आहे, ज्याच्यामुळे आपण देवाला अब्बा, बापा म्हणून हाक मारतो. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत हे वचन पाठ केलं होतं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. चिऊ सात महिन्यांची होऊन घरी आली त्या वर्षी ते वाचलं आणि पुढे वाचताच येईना. म्हणजे रविवारी उपासनेला बसलेले आम्ही सगळेच दत्तक की, पाळकसाहेब पण आणि पुढच्या बाकावर बसणाऱ्या आज्या पण, मग चिऊ वेगळी कशी?

आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं असं एक आहे, हा शब्द शास्त्रात होता तरी कायद्यात आम्हा ख्रिस्ती लोकांना नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, आम्ही नाही. माझ्या मावशीनं १९८४ ला मुलगी घेतली ती १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली, म्हणजे कोर्टाच्या कागदावर मावशी तिची नुसती पालक, आई नाही. नाव, वारसा, काहीच आपोआप मिळत नव्हतं. त्या मुलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, लग्नाची चर्चमध्ये तीन रविवार पुकार म्हणजे जाहीर घोषणा झाली तेव्हा पाळकांनी मावशीचं नाव घेऊन "यांची कन्या" म्हटलं, आणि मावशी तिन्ही रविवार रडली. मी लहान होते, मला वाटलं लग्नामुळे रडतेय. नंतर ज्युवेनाईल जस्टिस कायदा आला आणि त्यानं कुठल्याही धर्माच्या आईबापाला पूर्ण हक्कानं मूल घेता येऊ लागलं. चिऊची ऑर्डर कोर्टातून आली, जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून माझं नाव आलं, तो दाखला मी सगळ्यात आधी मावशीला नेऊन दाखवला, तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

आता आजच्या रात्रीचं. ह्यांची सेकंड शिफ्ट, घरात आम्ही दोघीच. चिऊची प्रार्थना ठरलेली असते, पप्पा, आजी, शाळेतल्या बाई, खालचं मांजर. आज आमेनच्या आधी थांबली आणि म्हणाली, "आणि प्रभू येशू, माझ्या पोटवाल्या आईकडे छत्री असू दे."

तिला आम्ही लहानपणापासून सगळं सांगितलंय, पोटवाली आई हा तिचाच शब्द. पण प्रार्थनेत ते नाव पहिल्यांदा आलं आणि माझ्या तोंडून आमेन निघेना. कारण इतक्या वर्षांत मी स्वतः त्या आईसाठी एकदाही प्रार्थना केलेली नाही. मी आभार मानले, ताप उतरू दे म्हटलं, पण तिचं नाव टाळलं. भीती वाटायची, तिची आठवण काढली तर चिऊ थोडी कमी माझी होईल अशी काहीतरी. देवासमोर हे लपवत होते, त्याला माहीत असताना.

फाईलमध्ये सरेंडर लिहिलंय. म्हणजे ती आई स्वतः बाल कल्याण समितीसमोर बसली, बाळ सोपवल्याची सही केली. त्यानंतर आईला फेरविचार करायला ६० दिवस देतात. आज पहिल्यांदा मी त्या ६० दिवसांचा विचार केला. बाळंतीण बाई, मी रोज बघते तशी, दूध येत असणार, अंग दुखत असणार, आणि एकेक दिवस मोजायचा. ती बदलली असती मनानं तर चिऊ इथे नसती. माझं वाट बघणं मी सगळ्यांना सांगितलं, तिचं कुणी ऐकलं असेल का.

चिऊनं डोळे किलकिले करून बघितलं, "मम्मी, आमेन म्हण ना." मी म्हटलं थांब, अजून माझी व्हायचीये. मग मी त्या आईसाठी मागितलं, मोठ्यानं, तिला जेवायला मिळो, झोप लागो, तिला दोष देणारं कुणी जवळ नसो. चिऊ मध्येच म्हणाली, "आणि छत्री." हो, छत्री पण.

ती झोपली. बाहेर परत धरलाय. तिचा रेनकोट आतून ओलाच आहे, पंख्याखाली पसरून ठेवलाय, सकाळपर्यंत वाळला पाहिजे.