शरदातलं विरेचन आणि माशाविना दिवस

मोबाईलवरच्या एका प्रश्नावलीने दोन मिनिटांत मला पित्त प्रकृतीची ठरवून टाकलं. छातीत जळजळ, उन्हातून आलं की डोकं ठणकणं, हातांवर उठणाऱ्या गांधी, चिडचिड. सगळ्यालाच मी 'होय' म्हटलं होतं, तर दुसरं काय येणार! गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या वैद्यबाईंना तो निकाल दाखवला. त्या शिरोड्याच्या गोमंतक आयुर्वेद महाविद्यालयातून शिकून आलेल्या. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हे आत्ताचं झालं. विशीत कशा होता ते सांगा."

मग प्रश्नांची सरबत्तीच. बसता-उठता सांधे वाजायचे का? भरभर बोलता का? पाठ केलेलं लवकर विसरता का? थंडी सोसते की ऊन? केस कधी पिकायला लागले? भूक रोज ठरल्या वेळी लागते, की आज खूप आणि उद्या नाहीच? काही उत्तरं मला देता येईनात, तेव्हा सरळ माहेरी आईला फोन लावायला लावला. नाडीही पाहिली, पण मला वाटतं त्यांचं निम्मं निदान या गप्पांतच झालं होतं. निघालं ते असं: प्रकृती वात-पित्ताची, त्यातही वाताचा जोर अधिक. पित्त हा सध्याचा बिघाड.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत याने सांगितलेल्या सात प्रकृतींपैकी तीन वात, पित्त, कफ या एकेका दोषाच्या, तीन दोन-दोन दोषांच्या आणि एक सम. ती गर्भातच ठरते आणि जन्मभर तीच राहते. म्हणून "मला माझी प्रकृती संतुलित करायची आहे" या माझ्या वाक्यावर बाई हसल्या. "प्रकृती आहे तशीच राहणार. वर चढलंय ते उतरवायचं, आणि तुमच्यात वात आहे हे विसरून फार जोरात उतरवायचं नाही." उपचार बिघाडावर करायचा आणि त्याचा हात किती जड ठेवायचा ते प्रकृतीवरून ठरवायचं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

पित्त चढलं कशाने, हे त्यांनी आमच्या स्वयंपाकघरावरूनच सांगितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी नाही म्हणून मग खारें म्हणजे खारवलेली सुकी मासळी, सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर, चेपणीची तोरां म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, लोणचं. आंबट, खारट आणि तिखट हे तिन्ही रस पित्त वाढवणारे. पावसाळ्यात पित्त आत साठत जातं आणि पाऊस ओसरून ऊन तापलं की उसळतं. म्हणूनच ग्रंथांत शरद ऋतूत विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून पित्त बाहेर काढणं, सांगितलंय. वर चतुर्थीच्या तळलेल्या नेवऱ्या (करंज्या) मी मोजल्या नव्हत्याच.

त्याआधी पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासून व्रण नसल्याचं सांगितलं होतं. त्यांची गोळी चालू असेपर्यंत बरं वाटायचं, बंद केली की पुन्हा जळजळ. बाईंनी ते सगळे कागद पाहिले, रक्त तपासून घेतलं, आणि गोळी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही असं बजावलं. गरोदर बाई, अशक्त माणूस, जुलाब होत असलेला रुग्ण यांना विरेचन देत नाहीत. घरी एरंडेल पिऊन "माझंही विरेचन झालं" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

माझं विरेचन ठरलं. सुरुवातीला पचन सुधारणारी औषधं, आणि मग स्नेहपान. सकाळी उपाशीपोटी औषधी तूप, तीसेक मिलीपासून, रोज थोडं वाढवत. वर गरम पाण्याचे घोट. ढेकरेला तुपाचा वास येईनासा झाला आणि कडकडून भूक लागली की तूप जिरलं, मगच जेवायचं. पहिल्या दिवशी कौतुक वाटलं. पुढे पुढे वाटी समोर आली की मान आपोआप वळायची. बाईंना हेच हवं होतं. तुपाची शिसारी येणं, त्वचा मऊ होणं, शौच तेलकट आणि सैल होणं, ही खूण पटली की स्नेहपान थांबतं. मऊ कोठ्याच्या, म्हणजे पोट सहज साफ होणाऱ्या माणसाचं तीन दिवसांत होतं, कठीण कोठ्याच्याला सात लागतात. "दूध प्यायल्यावर पोट लगेच साफ होतं का?" हे त्यांनी आधीच का विचारलं होतं, त्याचा उलगडा इथे झाला.

त्यानंतर तेल लावून वाफ, आणि ठरल्या सकाळी त्रिवृत लेह, हे जुलाबाचं चाटण. त्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. संडासजवळची खोली, गरम पाणी, आणि दर वेळेची नोंद ठेवणारे आमचे हे. शेवटी नुसता चिकट कफ पडू लागला की काम संपलं. ग्रंथात दहा, वीस आणि तीस वेग (जुलाब) अशी शुद्धीची पायरी आहे. मी मधल्या पायरीवर बसले. संध्याकाळी हातापायांत त्राण नव्हतं, पण छातीतली आग मात्र नव्हती.

खरी कसोटी पुढे, संसर्जनात, म्हणजे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येण्यात. पोटातला अग्नी मंद झालेला असतो, म्हणून आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग बिनफोडणीचं मुगाचं कढण, मग तूप-जिरं-सैंधव घातलेलं. पेया म्हणजे आमची पेजच की! पण बिनमिठाची, आणि सोबत काही नाही. सासूबाईंना हे पटेना. "लोणच्याबगर पेज?" म्हणत त्यांनी बरणी दोनदा टेबलावर आणून ठेवली. मी वास घेतला नाही असं म्हणणार नाही.

त्यात चरक या दुसऱ्या जुन्या ग्रंथकाराने शरदात दही आणि पाण्यातल्या प्राण्यांचं मांसही वर्ज्य सांगितलंय. श्रावण पाळून, चतुर्थी आटोपून सगळं गाव बांगड्यावर तुटून पडलेलं, आणि मी दुधी, पडवळ, मूग आणि जुना तांदूळ यांवर. घरात इतरांसाठी हुमण (माशाची आमटी) शिजे, मी खोलीचं दार लावून घेई.

जळजळ पूर्ण गेली म्हणणार नाही. रात्री उशिरा जेवले, जागरण झालं की कळतं. पण डोकेदुखी क्वचित, गांधी उठत नाहीत, आणि डॉक्टरांनीच गोळी हळूहळू कमी करून थांबवली. थंडीत बांगडा परत मिळाला तो अटीसकट: दुपारीच, मिरची निम्मी, भूक लागली असेल तरच. आणि वात प्रकृती आहे म्हणून अंगाला रोज तीळतेल. ते मात्र मी रविवारीच लावते, हे बाईंना अजून सांगितलेलं नाही.