ईलीचा अष्टकोन

केंब्रिजहून ईली या इंग्लंडमधल्या छोट्या शहराला गाडी जेमतेम पाव तासात पोहोचते, पण तिथलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, त्याच्या बरंच आधी दिसायला लागतं. मुलूख सगळा सपाट. सतराव्या शतकात कालवे खणून ही शेतं पाण्यातून बाहेर काढली. त्याआधी इथे दलदल होती आणि ईली हे त्यातलं बेट. या दलदलीच्या मुलखाला फेन्स म्हणतात. इथले लोक कॅथेड्रलला ‘फेन्सचं जहाज’ म्हणतात, ते गाडीच्या खिडकीतूनच पटतं.

एथेलड्रेडा राणीने इथे ६७३ साली मठ स्थापला. आजच्या वास्तूचं काम १०८३ मध्ये सुरू झालं. दगड बार्नॅकच्या खाणीतला. ती खाण पीटरबरोच्या मठाची, म्हणून दगडाचा मोबदला म्हणून त्या मठाला वर्षाला ८००० ईल मासे जायचे!

आत शिरल्यावर लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना भारदस्त नॉर्मन कमानी, वर रंगवलेलं छत. छत छान आहे, पण ते एकोणिसाव्या शतकातलं. मी तिथे फार रेंगाळले नाही, कारण पुढच्या अष्टकोनातून उजेड येत होता.

फेब्रुवारी १३२२ मध्ये कॅथेड्रलचा मधला दगडी मनोरा कोसळला. शेजारी लेडी चॅपलच्या, म्हणजे मेरीच्या प्रार्थनागृहाच्या, पायासाठी चाललेल्या खोदकामाने जमीन हलली असावी. बांधकामाची जबाबदारी अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगम या मठवासीयावर होती. त्याने होता तसा मनोरा पुन्हा उभारला नाही. मधली जागा रुंद केली, तिला आठ बाजू दिल्या. एवढा रुंद गाळा दगडाने झाकणं अवघड, म्हणून वरचं काम लाकडात करायचं ठरलं आणि राजाचा सुतार विल्यम हर्ली याला बोलावलं. सुमारे ६३ फूट उंचीचे ओकचे आठ खांब उभे करून त्याने काचेच्या खिडक्यांचा ‘लँटर्न’, म्हणजे वरून उजेड आत सोडणारा मनोरा, रचला. खालून पाहिलं तर तो अधांतरी वाटतो. त्याचा भार आठ दगडी खांबांवर नेणाऱ्या तुळया लाकडी कमानींच्या मागे दडलेल्या आहेत. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. १३४२ च्या सुमारास काम पुरं झालं. अगदी टोकाला ख्रिस्ताची लाकडी प्रतिमा आहे. ती कोरणाऱ्या जॉन ऑफ बरवेलला दोन शिलिंग आणि मठप्रमुखाच्या पंक्तीला जेवण मिळालं, अशी नोंद आहे. त्या कारागिराचं नाव उरलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

लेडी चॅपलमध्ये मात्र जीव कळवळला. भिंतभर नाजूक कोरीव कोनाडे, त्यांत छोट्या छोट्या मूर्ती, आणि जवळजवळ प्रत्येकीचं डोकं उडवलेलं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात, मूर्तिपूजा नको म्हणून हे केलं गेलं. रंगीत काचाही गेल्या. आता साध्या काचांतून पांढरा प्रकाश येतो. भिंतीजवळ जाऊन नीट पाहिलं तर मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्यांत लाल, निळ्या रंगाचे कण अजून सापडतात. हे सगळं दालन एके काळी रंगवलेलं होतं.

अष्टकोनावर चढायचं असेल तर वेगळं तिकीट काढा. वर देवदूतांची चित्रं असलेली लाकडी दारं आहेत. ती उघडून थेट खाली कॅथेड्रलमध्ये डोकावता येतं, आणि तिथवर जाताना हर्लीच्या ओकच्या तुळया अगदी हाताशी येतात.